मदत हवी आहे: रस्त्याकडच्या खिडक्या आणि पुढचं दार बदलायचंय (बेळगाव)

नमस्कार मंडळी. घर टिळकवाडीत, रेल्वे गेटजवळ, तळमजल्यावर. पश्चिमेला चार बाय चार फुटाच्या तीन खिडक्या आणि पुढचं सागवानी दार. आवाज दिवसभर, आणि जून ते सप्टेंबर तिरक्या पावसाची झड. खिडक्यांना रबरी पट्टी, सिलिकॉन लावून झालं. पाणी थांबलं, आवाज तसाच.

एका फॅब्रिकेटरने यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिकची चौकट) स्लायडिंगमध्ये ५-१२-५ मिमीची डबल काच (५ मिमीच्या दोन काचा, मध्ये १२ मिमी पोकळी) सुचवली. दुसरा म्हणतो, स्लायडिंगच्या फटीतून आवाज येणारच, रबरी गॅस्केटवर दाबून बसणारी केसमेंट (बिजागरीवर उघडणारी खिडकी) घ्या आणि एक काच लॅमिनेटेड (आत पीव्हीबी या प्लॅस्टिकची फिल्म चिकटवलेली) ठेवा. मला दुसऱ्याचं पटतं. पण बाहेरचे लोखंडी गज आई काढू देणार नाही, म्हणजे झडप आत उघडणार. मग डासांची जाळी कुठे बसवायची?

दार पावसात फुगून अडकतं. दोनदा रंधा मारला, तर उन्हाळ्यात बोटभर फट पडली. झडप काढल्यावर दिसलं की खालची कड कोरीच, पॉलिशचा हातही नाही. चौकट शाबूत आहे, वाळवी नाही, दगडी उंबरठाही हलवायचा नाही. फक्त झडप बदलायची आहे.

काम गणपतीआधी उरकायचंय. भिंत फोडायची नाही. बजेटमुळे तिन्ही खिडक्यांना जमलं नाही तर निदान आईच्या खोलीची तरी करीन.

आपल्याकडच्या पावसात कुणी आत उघडणारी डबल काचेची केसमेंट वापरलीय का, पाणी आत येतं का? आणि दाराला सहाही बाजू सील केलेलं सागवानच पुन्हा घ्यावं, की डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेलं)?