शब्दचर्चा: आलेखाच्या अक्षावरचं ‘लेबल’

विचारणा

कोयना धरणातल्या पाणीसाठ्याचा आलेख आमच्या संकेतस्थळावर बसवते आहे. त्यासाठी चार्ट.जेएस ही आलेख काढून देणारी तयार कोडची लायब्ररी वापरतो, आणि सहकाऱ्यांना तिचं मराठी टिपण लिहून द्यायचं आहे. ‘ॲक्सिस लेबल’ला मी ‘अक्षलेबल’ लिहून टाकलं, पण काम अडलं. ‘अक्षलेबल तिरकं करा’ असं लिहिलं, तर सहकाऱ्याने ‘पाणीसाठा’ हा उभा शब्द शोधून काढला; मला खालचे महिने तिरके हवे होते. चांगला मराठी शब्द आहे का?

उत्तर

गोंधळ मूळ शब्दातच आहे. ‘लेबल’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. अक्षावर काय मोजलंय ते सांगणारं नाव ही एक, आणि प्रत्येक खुणेजवळ लिहिलेला आकडा किंवा महिना ही दुसरी. चार्ट.जेएसमध्ये पहिल्या गोष्टीला पूर्वी ‘स्केललेबल’ म्हणत. २०२१ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ते बदलून ‘टायटल’ केलं आणि खुणांचा मजकूर ‘टिक्स’खाली राहिला. हायचार्ट्स या तशाच दुसऱ्या लायब्ररीत ‘लेबल्स’ म्हणजे फक्त खुणांजवळचा मजकूर. म्हणजे एका ठिकाणी शिकलेला शब्द दुसरीकडे भलतीच वस्तू दाखवतो. आपण मराठीत तोच शब्द उचलला, तर ही अडचणही सोबत येणार.

मी पहिल्याला अक्षनाव म्हणेन आणि दुसऱ्याला खूणपाटी. पाटी दारावर असते, गल्लीच्या तोंडाशी असते, एसटीच्या कपाळावर असते. जिथे लावली तिथलं ती सांगते. शिवाय पाटी तिरकी करता येते, एकाआड एक काढता येते, तिच्यावरचा मजकूर बदलता येतो. या लायब्ररीत आपण नेमकं हेच करतो, त्यामुळे क्रियापदं आपोआप जुळतात: ‘खूणपाट्या तिरक्या करा’, ‘एकाआड एक खूणपाटी गाळा’.

आणखी एक उत्तर

‘अक्षनाव’ पटलं. शाळेच्या पुस्तकात ‘प्रमाण’ हा शब्द आहे, पण तो वेगळा: आलेखकागदाच्या कोपऱ्यात ‘१ सेमी = १० एकक’ लिहितो ते प्रमाण. ते अक्षनावासाठी वापरू नये.

जाता जाता, अक्ष म्हणजे मुळात गाडीचा आस. बैलगाडीचा ‘आस’ हा शब्द ‘अक्ष’वरूनच आला. चाक ज्याच्याभोवती फिरतं ते, असा अर्थ मनात ठेवला तर ‘तो अक्ष’ हे पुल्लिंगही लक्षात राहतं. टिपणांत ‘ती अक्ष’ वाचलं की फार खटकतं.

पहिलाच उत्तरदाता

शब्द ठरला तरी अक्षनावात काय लिहायचं हा प्रश्न उरतो, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. नुसतं ‘पाणीसाठा’ पुरत नाही. एकूण की उपयुक्त? कोयनेची १०५.२५ टीएमसी ही एकूण क्षमता आहे, तिच्यात मृतसाठाही, म्हणजे तळाचं वापरता न येणारं पाणीही आलं. जायकवाडीचा २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर) हा आकडा मात्र उपयुक्त साठ्याचा. दोन्ही धरणं एका आलेखात आणून अक्षाला ‘पाणीसाठा’ म्हटलं, तर वाचणाऱ्याची दिशाभूल होईल. एककाचंही तसंच. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २८.३ दलघमी. कराड-सांगलीकडे पुराच्या बातम्या वाचणाऱ्याला टीएमसी ओळखीचा. छत्रपती संभाजीनगर-पैठणकडच्या बातम्यांत दलघमीही सर्रास येतो. वाचक कोण ते पाहून एक निवडा आणि अक्षनावात लिहा.

मूळ विचारणारी

एकूण साठाच घेतला आहे, तसं लिहीन. पण खूणपाट्यांची आणखी एक अडचण आहे. विसर्गाच्या आलेखात ५०,००० क्युसेकच्या जागी ‘५० ह’ दिसतंय.

उत्तर

ब्राउझरकडे मराठी आकडे संक्षिप्त रूपात मागितले की हजारासाठी ‘ह’ येतो, लाखासाठी मात्र ‘लाख’. शेतीचे आकडे वाचणाऱ्याला ‘ह’वरून हेक्टर आठवेल. मी तिथे संक्षेप बंद करून पूर्ण आकडा ठेवतो: ५०,०००, १,००,०००. मराठी निवडली की देवनागरी अंक आपोआप येतात आणि स्वल्पविरामही लाखाच्या पद्धतीने पडतात, त्यामुळे वेगळं काही करावं लागत नाही.

महिन्यांच्या खूणपाट्यांत तर फारच जपा. सर्वात आखूड रूप मागितलं, तर जून ‘जू’ होतो आणि जुलै ‘जु’. पावसाळ्याच्या आलेखात हेच दोन महिने शेजारी बसतात आणि त्यांना वेगळं करतो एक उकार. मोबाइलवर बारीक अक्षरांत तो कुणाला दिसणार? ऑगस्ट आणि ऑक्टोबर तर दोन्ही ‘ऑ’. मधलं रूप घ्या: ‘जून’, ‘जुलै’, ‘ऑग’, ‘सप्टें’. जागा कमी पडली तर तिरकं करा, पण अक्षरं एकाखाली एक रचू नका. ‘सप्टें’मधलं जोडाक्षर तिथे फुटतं.

मूळ विचारणारी

‘जू’ आणि ‘जु’ माझ्या आलेखात दोन आठवडे होते, आता बदलले. कोयनेचं तांत्रिक वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणून आडव्या अक्षाची पहिली खूणपाटी ‘जून’ आणि शेवटची ‘मे’ ठेवली आहे. उभ्या अक्षाचं अक्षनाव: ‘एकूण पाणीसाठा, टीएमसी’. टिपणातून ‘अक्षलेबल’ सगळीकडून काढलं.