मदत हवी आहे: थ्रीडी रेझिन प्रिंटवरचं मेण कोपऱ्यातून निघेना, प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) धरत नाही

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहितोय. बार्शी लाइट रेल्वेच्या मालडब्याचं मॉडेल बनवायलोय, १:८७ स्केलमध्ये. ज्यांनी ती गाडी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, अडीच फुटी रुळांची लाइन, १८९७ ला बार्शीपर्यंत सुरू झाली, १९११ ला लातूरला पोचली, आता सगळं ब्रॉडगेज झालंय. तिचं मॉडेल तयार कुठं मिळत नाही म्हणून ड्रॉइंग स्वतः काढलं आणि पार्ट बाहेरून थ्रीडी प्रिंट करून मागवले. पंचवीस फुटी डबा म्हणजे या स्केलला साधारण ८८ मिमी, खाली एन गेजचा, म्हणजे ९ मिमी रुंदीचा मॉडेल रूळ बरोबर बसतो.

तर अडचण अशी की प्रिंट आपल्या घरगुती एलसीडी मशीनचं नाही, मल्टिजेटचं आहे. म्हणजे पार्ट ॲक्रिलिक रेझिनचा आणि त्याला आधार मेणाचा. ते मेण भट्टीत वितळवून काढतात पण पूर्ण निघत नाही. सपाट बाजू छान आहेत, पण रिव्हेटच्या ओळींमधे आणि फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात पांढरट चिकट थर आहे, नखानं खरवडलं की साबणासारखा चुरा निघतो. त्यावर प्रायमर मारला तर तिथंच थेंब थेंब होऊन आकसतो आणि वाळल्यावर टेप लावून ओढली की रिव्हेटच्या ओळीवरून अख्खी पट्टी निघून येते. बाकी ठिकाणी घट्ट आहे, म्हणजे दोष प्रायमरचा नाही.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. मोबाइल रिपेअरवाल्याकडून आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणून त्यात भिजवलं, तेलकटपणा गेला पण मेण तसंच. मऊ ब्रशनं घासलं. ॲसिटोन लावायचा नाही हे पक्कं, ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. एकानं पेट्रोल सांगितलं, घरात लेकरं आहेत, ते मी करणार नाही.

आता मला दोन गोष्टी कळंना गेल्यात. एक, गरम पाण्यात टाकायचं तर किती गरम? मेण वितळायला साठ अंशांच्या आसपास लागतं आणि तेवढ्यात हा पार्ट पण मऊ पडतो, शिडीचे दांडे अर्ध्या मिमीचे आहेत हो, वाकले तर संपलं. दुसरं, आमच्या बोअरचं पाणी लई जड, वाळलं की स्वतःच पांढरं डाग सोडतं, मग राहिलेलं पांढरं मेणाचं का क्षाराचं हे ओळखायचं कसं? हा डबा नीट झाला तर पुढं अख्खी गाडी करायची आहे, म्हणून पहिल्यापासून पद्धत बरोबर बसवायची आहे. कुणी मल्टिजेटचे पार्ट साफ केले असतील तर सविस्तर सांगा प्लीज.

प्रतिसाद:

दादा, मी संभाजीनगरला वाळूजमधे प्रोटोटाइपचं काम करतो, हे रोजचं आहे. पाण्याआधी तेल. मेण तेलात विरघळतं, नुसत्या पाण्यात फक्त वितळून परत दुसरीकडं चिकटतं. बेबी ऑइल घ्या, ते मिनरल ऑइलच असतं. गॅसवर थेट ठेवू नका, मोठ्या पातेल्यात पाणी गरम करून आच बंद करा, मग त्यात तेलाची वाटी ठेवा, थर्मामीटर लावून साठ-पासष्टच्या वर जाऊ देऊ नका. पार्ट चाळणीत सपाट ठेवून बुडवा आणि गरम असताना चिमट्यानं अजिबात उचलू नका, चाळणीसकट बाहेर काढा, निवू द्या. शिडी वेगळी असेल तर ती थोडाच वेळ टाका.

नंतर तेल काढायला कोमट पाणी आणि भांड्याचा लिक्विड साबण. ओळखीच्या सराफाकडं किंवा चष्मेवाल्याकडं अल्ट्रासोनिक क्लीनर असतं, साबणाच्या पाण्यात त्यात फिरवून घेतलं की रिव्हेटमधलं पण निघतं. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्यात नको, बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी आणा.

डाग ओळखायला पांढऱ्या ठिकाणी व्हिनेगरचा थेंब टाकून थोडं थांबा. गेलं तर क्षार, राहिलं तर मेण. आणि पूर्ण वाळल्यावर पार्ट थोडा पांढुरका दिसंल, ते मेण असेलच असं नाही, हा प्रिंट साफ झाला की असाच धुरकट दिसतो. आधी फ्रेमच्या खालच्या बाजूला प्रायमर मारून टेपची टेस्ट घ्या, मगच वरून मारा. डब्याचा फोटो टाका की, आमचे आजोबा त्याच गाडीनं बार्शीला जायचे.