ऑफिसात जातीवरून होणारा त्रास आणि सातवा महिना : डॉक्टरांना कसे सांगावे?

माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना चालू आहे. लोअर परळच्या एका खासगी ऑफिसात ती अकाउंट्स सांभाळते. सहकाऱ्यांना तिची जात कळल्यापासून तिचा डबा फ्रिजमधून काढून खिडकीत ठेवला जातो आणि दिवस गेल्याचे सांगितल्यावर ‘तुम्हाला काय, सगळीकडे सवलतच’ हेही ऐकवून झाले. तिला रात्र रात्र झोप लागत नाही आणि गेल्या तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला.

घरची मंडळी ‘मन प्रसन्न ठेव, बाळावर परिणाम होतो’ असे सांगतात. त्यांची माया खरी आहे, पण त्यामुळे त्रास देणारे नामानिराळे राहतात आणि सगळा भार तिच्याच माथी येतो, हे मला सहन होत नाही.

परिणाम होऊ शकतो, हे मी वाचले आहे. अमेरिकेत आयोवा राज्यातील पोस्टव्हिल येथे मे २००८ मध्ये स्थलांतरित कामगारांवर मोठा छापा पडला. त्यानंतर त्या राज्यातील लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मातांच्या पोटी अडीच किलोहून कमी वजनाचे बाळ जन्मण्याचा धोका आदल्या वर्षाच्या तुलनेत २४ टक्क्यांनी वाढलेला आढळला. अमेरिकेतच जन्मलेल्या लॅटिनो मातांमध्येही तो वाढला, गोऱ्या मातांमध्ये मात्र तशी वाढ दिसली नाही. सततच्या ताणाने कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, आणि गर्भाला पोसणारी वार (प्लासेंटा) त्यातले बरेचसे निष्प्रभ करत असली तरी सगळे अडवू शकत नाही. अर्थात ही सरासरी आहे, प्रत्येक बाळाचे भाकीत नव्हे, आणि बहिणीलाही मी तेच सांगते.

ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांपुढे पाच मिनिटे मिळतात. तेवढ्यात हा त्रास कसा मांडावा, आणि त्याची केसपेपरवर नोंद करून घेण्याचा आग्रह धरावा का? रक्तदाब आणि बाळाची वाढ अधिक वेळा तपासा, असे आपणहून म्हणावे का? मातृत्व रजेच्या २६ आठवड्यांपैकी ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात, पण त्रास दुसऱ्यांनी द्यायचा आणि बाळाजवळचे आठवडे हिने खर्च करायचे, हे तिला मान्य नाही. पोलिसांत जाण्याची तिची सध्या तयारी नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कोणी घरून काम किंवा विभागबदल मिळवला असेल, तर अर्जात नेमके काय लिहिले होते, ते कृपया सांगावे.