आधी प्रोपेलर आडवा ठेवा

विमानाचा प्रोपेलर तोलताना, म्हणजे त्याची पाती सारख्या वजनाची आहेत का ते बघताना, तो मधल्या दांड्यासकट दोन समांतर धारांवर टेकवतात; तिथे स्थिर राहिला की काम झालं, असं म्हणतात. लाकडी असेल तर तेवढ्यावर निभत नाही. अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये आम्ही जुलैत तोललेला प्रोपेलर नंतर उभाच ठेवलेला राहिला. महिन्याभराने पुन्हा धारेवर घेतला, तर खालचं पातं हळूच खाली! उभा ठेवला की लाकडातला ओलावा खालच्या पात्यात उतरतो, ते जड होतं. मित्र ते पातं घासून हलकं करायला पॉलिशपेपर घेऊनच बसला होता, त्याला थांबवलं. आठ दिवस आडवा ठेवल्यावर निम्माअधिक फरक आपोआप गेला.

आणि सोलापूरचा एप्रिल विसरू नका. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, हबच्या (प्रोपेलरच्या मधल्या भागाच्या) बोल्टांची पकड सैल होते. थरथर जाणवली की आधी टॉर्क रेंच (बोल्ट किती घट्ट आहे ते दाखवणारा पाना) लावून बघा, तोलाचं नंतर.