हलकं म्हणून एलसीपी? नवशिक्याने घेऊ नये

अमेरिकेत पहिलंच पिस्तूल घेणाऱ्याने खूप हलकं म्हणून रुगर एलसीपी घ्यावं, हे मला पटत नाही. जेमतेम पावणेतीनशे ग्रॅमचं आहे, खिशात जाणवत नाही, हे खरं. पण वजन कमी तितका झटका हाताला जास्त बसतो, पकडही दोन बोटांपुरतीच. नेमबाजीच्या रेंजवर पन्नास गोळ्या झाडल्या की सराव नकोसा होतो, आणि सरावच नसेल तर ते जवळ असून उपयोग काय?

माझं मत सिग पी३६५ला. ते २०१८मध्ये आलं तेव्हा एवढ्याशा, ९ मिमी गोळीच्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये १० गोळ्या हे नवलच होतं. जवळपास तेवढ्याच वजनाच्या ग्लॉक ४३मध्ये ६ बसतात. स्मिथ अँड वेसनचं ६४२ हे रिव्हॉल्व्हर. ५च गोळ्या, चाप जड, पण हॅमर, म्हणजे गोळी उडवायला आघात करणारा भाग, आत झाकलेला असल्याने कपड्यात अडकत नाही.

होल्स्टरवर (पिस्तूल ठेवायच्या म्यानावर) मात्र कृपा करून पैसे वाचवू नका. चाप पूर्ण झाकणारं, कडकच हवं.

आणि एच-१बी व्हिसावर असाल तर आधी कायदा बघा: शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक बाळगायलाच मनाई आहे.