युद्धातली ऑफिसर कॅप म्हणून दाखवलीय, पण बिल्ल्यावरचा मुकुट खटकतोय

खाकीवेडा:
मंडळी जरा मदत करा. एक खाकी पीक कॅप (पुढे कडक झडप असलेली लष्करी टोपी) हातात आलीय, विकणारा म्हणतो दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश आर्मी ऑफिसरची, साधारण १९४० ची. आतली चामड्याची पट्टी घामाने काळी पडलीय, वास जुन्या ट्रंकेसारखा, खरं सांगतो बघताक्षणी जीव जडला. पण बिल्ला पितळी आहे आणि त्यावरचा मुकुट वरून मध्ये दबलेला आहे, मी पाहिलेल्या युद्धकाळातल्या बिल्ल्यांवर तो गोल घुमटासारखा असतो. आत शाईचा शिक्का पण आहे, बाणाची खूण आणि साइज वाचता येतंय, वर्ष पुसलंय. घेऊ का?

पितळीबिल्ला:
शंका बरोबर आहे तुमची. गोल घुमटाचा तो ट्यूडर मुकुट, १९०१ ते १९५२ राजे होते तेव्हाचा. मध्ये दबलेला तो सेंट एडवर्डचा, एलिझाबेथ राणी आल्यावर १९५३ पासून बिल्ल्यांवर यायला लागला. म्हणजे हा बिल्ला १९४० चा नाहीच. व्हिक्टोरियाच्या काळातला मुकुट पण दबकाच दिसतो, पण तो १९०१ च्या आधीचा, इथे त्याचा संबंध नाही. आणि उलट बाजूनेही फसू नका, चार्ल्स राजाने २०२२ मध्ये परत ट्यूडर मुकुट घेतलाय त्यामुळे आता घुमट दिसला म्हणजे जुनाच असं नाही राहिलं.

पण बिल्ला नवा म्हणून टोपी पण नवी असं लगेच ठरवू नका, बिल्ले निघतात, हरवतात, दुसरे लावले जातात. बिल्ला काढून खालचं कापड बघा. खूप वर्षं तोच बिल्ला असेल तर त्याच्या आकाराचा गडद डाग राहतो कारण तिथे ऊन लागलेलं नसतं. डाग वेगळ्याच आकाराचा असेल तर बिल्ला बदललाय.

टाकेबघणारा:
माझं लक्ष शिक्क्यावर गेलं. बाणाची खूण म्हणजे सरकारी माल. ऑफिसर लोक कॅप स्वतःच्या खर्चाने टेलरकडून घ्यायचे, त्यात बहुतेक वेळा टेलरचं नाव असतं, बाण नसतो. आणि खाकी सर्व्हिस ड्रेसवर, म्हणजे रोजच्या गणवेशावर, बहुतेक रेजिमेंटांत ऑफिसरचा बिल्ला काळपट ब्राँझचा, पितळी नाही. दोन्ही गोष्टी शिपायाच्या टोपीकडे बोट दाखवतायत.

आता अंधारात यूव्ही टॉर्च मारा, शिलाईचा दोरा निळा-पांढरा चमकला तर तो नंतरचा असण्याची शक्यता मोठी. पण नुसत्या टॉर्चवर निकाल देऊ नका, जुनं कापड कुणी नंतर डिटर्जंटने धुतलं असेल तरी चमकतं, मी स्वतः असा एक अस्सल नग नकली समजून परत केला होता आणि अजून चुटपुट लागते. म्हणून आतल्या शिवणीतला सुटा धागा असेल तर थोडासा जाळून बघा, लोकर असेल तर केस जळल्याचा वास येऊन राख चुरते, पॉलिएस्टर, म्हणजे युद्धानंतर आलेला कृत्रिम धागा, असेल तर वितळून कडक गोळी होते. पट्टीच्या मागे पण बघा, लेबल तिथे दडलेलं असतं.

खाकीवेडा:
सगळं करून बघितलं. बिल्ल्याखालचा डाग बिल्ल्याच्याच आकाराचा आहे. शिलाई चांगलीच चमकली, धाग्याची गोळी झाली, आणि पट्टी उलटवली तर अर्धं लेबल निघालं, त्यावर ८४०५-९९ ने सुरू होणारा नंबर आहे. हे काय असतं?

पितळीबिल्ला:
तो नाटोचा स्टॉक नंबर. ८४०५ म्हणजे कपड्यांचा वर्ग, ९९ म्हणजे ब्रिटन. नाटोच १९४९ मध्ये झाली, त्यामुळे युद्धाचा प्रश्नच मिटला. टोपी नकली नाहीये हां, डाग सांगतोय की बिल्ला तिचाच आहे, राणीच्या काळातली खरीखुरी शिपायाची कॅप आहे. वय आणि हुद्दा तेवढा खोटा सांगितलाय.

खाकीवेडा:
लेबलचा फोटो विकणाऱ्याला पाठवतोय आत्ताच. तो राणीच्या काळातली कॅप म्हणून द्यायला तयार असेल तर घेईन, कारण मन अजूनही तिच्यातच आहे. पट्टी परत तशीच बसवून ठेवलीय, काहीही साफ केलेलं नाही.