पुन: सर्व्हिसिंगच्या यादीतलं नेमकं काय करून घ्यावं?

गाडीच्या सर्व्हिसिंगमध्ये काय करून घ्यावं या प्रश्नावर वरच्या एका उत्तरात इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं), इंजेक्टर क्लीनिंग (इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाची सफाई) आणि ब्रेक ऑइल बदलणं, तिन्ही 'डीलरचे चोचले' म्हणून एकाच माळेत ओवलेत. पहिल्या दोन्हींबद्दल सहमत. गाडी नीट चालत असेल आणि मॅन्युअलमध्ये उल्लेख नसेल तर सरळ नाही म्हणा.

ब्रेक ऑइलचं मात्र तसं नाही. ते हवेतलं बाष्प शोषतं. नव्या डॉट ४ चा (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. लांब घाटउतारावर ते उकळलं की ब्रेकचं पेडल थेट तळाला, ब्रेक लागतच नाही! गाडी कमी फिरली तरी ते बदलायची मुदत संपतेच. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ती २ वर्षं असते.

एअर फिल्टर मात्र स्वतः उघडून बघा, बऱ्याच गाड्यांत नुसत्या क्लिपा तर असतात.